जखमी शिपायाचं काय करायचं

भूषणने वैशालीच्या जखमी शिपायाला ढालीबाहेर ढकललं, तेही माझ्याच नियमाच्या आधाराने.

ढाल कागदावरची आणि शिपाईही कागदावरचे. मनीषनगरात एका फ्लॅटमध्ये आमचं ऑफिस आहे. तिथे आम्ही रोलप्लेइंग गेम बनवतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो आणि काल्पनिक जगात ते काय करतं हे बोलून, फासे टाकून ठरवतो. त्याचे नियम मी लिहिते. तीस वर्षं गणित शिकवून रिटायर झाले आणि या नादी लागले.

ही गोष्ट माझ्या तरुणपणची. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते. त्या वयात आपल्याला सगळं कळतं असं वाटतं.

बॉस प्राजक्ताने मला नियमांच्या पुस्तकातलं सैनिकांच्या जादूचं प्रकरण दिलं होतं. मांत्रिकाची जादू लिहायला सोपी. तो एकटा असतो, त्याच्याकडे पोथी असते, वेळही असतो. शिपाई थकलेला, चिखलात उभा आणि बाजूला त्याच्यासारखेच वीस. त्याची जादू कवायतीसारखी पाठ झालेली हवी. मी ढालमंत्र रचला. रांगेतले सगळे एका सुरात म्हणतील तोवर ढाल टिकते. रांगेतला एक जरी आवाज थांबला की फुटते. खाली बंधुभावावर एक परिच्छेद लिहिला. तो वाचून मलाच गहिवरून आलं.

नियम छापायच्या आधी खेळून बघतात. त्याला प्लेटेस्ट म्हणतात. आज जमलं तर प्रकरण पुस्तकात, नाहीतर सैनिक वगळून पुस्तक प्रेसला, असं प्राजक्ताने आधीच बजावलं होतं. माझं ते पहिलंच प्रकरण होतं.

खेळायला आलेल्यांपैकी भूषणचं खाप्याला हार्डवेअरचं दुकान. खेळात तो हवालदार होता. वैशाली नर्स आहे. तिची शिपाई गोदा तिने तीन आठवडे जपली होती. गोदाला बाण लागला. जखमीला मंत्र म्हणता येत नाही, म्हणजे ढाल फुटणार. भूषणने नियम पुन्हा वाचला आणि गोदाला रांगेतून काढलं. रांगेत नाही तर तिचा आवाज मोजायचा नाही. ढाल टिकली.

"मले काहून फेकलं गा?" वैशालीने विचारलं.

"तुले ठेवलं तर सारेच मरतो."

"तीन आठवडे तुह्या मागं पाण्याची पखाल वाहिली मी."

"म्हणून तर वाईट वाटून राहिलं मले."

शिपाई असं वागत नाहीत, खालचा परिच्छेद वाच, असं मी भूषणला सुनावलं. त्याने शांतपणे वाचला.

"काकू, याच्यात फासा कुठं टाकायचा ते नाही लिहिलं तुम्ही."

प्राजक्ताने लॅपटॉपमधून मान वर न करता विचारलं, संध्याकाळपर्यंत दुरुस्त होईल की काढून टाकू? दोष खेळणाऱ्यांचा आहे, असं मी तिला ठणकावलं. गणिताची बाई तीस वर्षं पोरं नापास करत आली होती. सवय लगेच जात नाही.

वैशालीने पर्स उचलली होती. जाता जाता ती कूलरच्या आवाजापेक्षा मोठ्याने म्हणाली, "आमच्या वॉर्डात ज्याले बोलता येत नाही, त्याचं दुखणं बाजूच्या खाटेवरचा सांगते. गोदाच्या वाटचा मंत्र बाजूचे दोघं म्हणतील ना."

मी तिला हात धरून बसवलं आणि नियम खोडला. नवा असा: जखमी रांगेतच राहतो. दोन्ही बाजूचे त्याला धरतात, त्याच्या वाटचा मंत्र म्हणतात. तेवढा वेळ त्यांना वार करता येत नाही. पण जखमीला सोडलं तर तिथे ढालीला खिंडार पडतं आणि बाण आत येतात.

पुन्हा खेळलो. या वेळी भूषणने गोदाला स्वतः उचललं. त्याला दया आली होती अशातला भाग नाही. खिंडार परवडत नव्हतं. गोदा जगली.

प्रकरण छापलं गेलं. त्याआधी शेवटच्या फेरीत मात्र त्यांनी दोन मेलेलेही रांगेत धरून ठेवले. जखमी कोणाला म्हणायचं, हे मी लिहिलंच नव्हतं. ती ओळ मग वाढवली.

तेव्हापासून माणसं चांगली की वाईट, याचा विचार मी सोडून दिला. चांगलं वागणं त्यांना परवडेल, एवढंच बघून नियम लिहिते.