काळ्या पडलेल्या पायल

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. खून-दरोड्याचे तपास केले, त्यांचा राग कधीच विरला. चांदीच्या पायलींच्या त्या साध्या तक्रार अर्जाचा राग मात्र निवृत्तीनंतरही तसाच आहे.

तेव्हा माझी नेमणूक भिवंडी तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात होती. एका सकाळी लूमवर काम करणाऱ्या कामगाराची बायको ठाण्यात आली आणि काळ्याकुट्ट पायलींची जोडी तिनं ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आपटली.

"ये मेरी नहीं है, साहब! मेरी तो चमचम करती थी. माँ ने शादी में दी थी. उस औरत ने बदल दी."

हकिगत अशी. पंधरवड्यापूर्वी ती वज्रेश्वरीचं दर्शन घेऊन अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात आंघोळीला गेली होती. तिथं पायल हरवल्या. कुंडाशेजारी ओटीचं सामान विकणाऱ्या एका बाईकडे ती फोन नंबर ठेवून गेली. पुढे कुंड उपसून साफ करताना त्या बाईला पायल सापडल्या, तशी तिनं स्वतः फोन करून तिला बोलावून घेतलं आणि पायल हातात दिल्या. त्यावरच ही तक्रार!

त्याच दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. मीच उचलला. आवाज बाईचा होता, खडा. "त्या ओटीवालीचं समदं ढोंग हाय. कपड्यांतून वस्तू काढते, मंग सापडल्यासारखं करते. खरा माल घरात असंल, बघा."

स्टेशन डायरीला नोंद केली आणि ओटीवालीला जबाबासाठी बोलावलं. अंगानं बारीक, चाळिशीची बाई. तिचं एकच म्हणणं, "साहेब, आमच्या पाण्यानं चांदी काळी पडते. मी तिला तवाच सांगितलं, ती ऐकंना."

मी मूळचा देशावरचा. मला ही सबब वाटली. तरी खातरजमा करायला मी कुंडावर गेलो आणि आजूबाजूच्या दुकानदारांना सरळ विचारलं, या पाण्यानं चांदी काळी पडते का? नारळवाला म्हणाला, "आम्ही कधी बघितलं न्हाय." भजीवाला कढईत बघत राहिला. फुलवाली म्हणाली, "तिलाच विचारा ना, ती लई प्रामाणिक हाय." ते 'प्रामाणिक' तिनं असं काही उच्चारलं की शिवी परवडली असती.

तिथंच मला मागचा प्रकार कळला. वर्षभरापूर्वी या बाईला कुंडात मंगळसूत्र सापडलं होतं आणि तिनं ते परत केलं होतं. गावानं साडी-नारळ देऊन सत्कार केला, फोटो मोबाईलवर फिरला. तेव्हापासून येणारी गिऱ्हाइकं विचारायची, "ती प्रामाणिक बाई कुठं बसते?" आंघोळीला जाताना पाकिटं, फोन, कपडे तिच्याच ओट्यावर ठेवायची आणि ओटीही तिच्याचकडून घ्यायची. बाकीचे बसायचे माशा मारत. आता मात्र तक्रारीचं निमित्त झालं होतं आणि तिचं दुकान तिथून उठवावं, असा अर्ज ग्रामपंचायतीत पडलाही होता. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. दुकान गेलं तर चूल बंद.

शेजारचं दुकान तिच्या थोरल्या जावेचं. दुसऱ्या दिवशी तिला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावलं. चपला दाराबाहेर काढून ती बाकावर बसली. खडा आवाज. "मला काय बी माहीत न्हाय. तिला कसं बरं रोज सापडतं? मीबी तिथंच बसते ना!"

बोलताना तिचा पाय साडीच्या काठाबाहेर आला आणि माझी नजर तिच्या जोडव्यांवर गेली. कोळशासारखी काळी.

"जोडवी कशाची, बाई?"

"चांदीची," ती तोऱ्यात म्हणाली. आणि तिच्या लक्षात आलं. झटकन पाय बाकाखाली!

"मग काळी कशानं पडली?"

महिला शिपायानं पाण्याचा पेला पुढे केला, तो तिनं हातानं बाजूला सारला. मी म्हणालो, "फोनही तुम्हीच केलात ना?" तशी ती फुटलीच.

"केला! काय करू मंग? ती प्रामाणिक, म्हंजे आम्ही समदे चोर काय? पंचवीस वर्सं मी तिथं बसते. कुणाच्या सुईला हात लावला न्हाय. मला कुणी नारळ दिला? गिऱ्हाईक माझ्या तोंडावर तिचं दुकान विचारतं, साहेब! जळतं माझं, जळतं!"

हेवा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. बरोबरीच्या अधिकाऱ्याला पदक मिळालं तेव्हा त्याचा पेढा मीही न खाता शिपायाला देऊन टाकला होता. पण म्हणून दुसऱ्याच्या चुलीत पाणी ओतायचं? मी चांगलाच भडकलो.

कुंडाच्या पाण्यात गंधक, त्यानंच चांदी काळी पडते, असं भिवंडीच्या सोनारानं सांगितलं आणि पंचांसमक्ष पायल उजळून दिल्या. तोपर्यंत त्या आपल्या नाहीतच म्हणणारी तक्रारदार बाई त्या छातीशी धरून रडायला लागली. "मेरी ही है," म्हणाली आणि ओटीवालीच्या पाया पडायला वाकली. ओटीवालीनं तिला मधेच धरलं. पंचायतीतला अर्जही फेटाळला गेला.

खोटी माहिती दिली म्हणून थोरलीवर कारवाई करायची मी ठरवलं होतं. वर ठाण्यातर्फे ओटीवालीचा जाहीर सत्कारही करणार होतो, शाल-श्रीफळ देऊन. म्हटलं, बघू दे दुकानांच्या सगळ्या रांगेला. तिनं हातच जोडले.

"दोन्ही नको, साहेब. मागच्या सत्कारानंच हे झालं. आमच्या चुली येगळ्या, पण नळ एकच हाय. मला उद्या तिच्या शेजारीच बसायचं हाय."

दोघींना सोडलं. एसटी एकच, म्हणून निघाल्या बरोबर. पण थोरली दहा पावलं पुढे चालत होती आणि तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

खोटे साक्षीदार मी पुष्कळ पाहिले, त्यांना उलटतपासणीत पकडता येतं. त्या कुंडावर मात्र खोटं असं कुणी फारसं बोललंच नव्हतं. खरं काय ते रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि एका बाईचं नाव मातीत जाताना सगळे गप्प बसले होते. पुढे सापडलेली वस्तू घेऊन कुणी ठाण्यात आलं, की मी जबाब घ्यायचो, पावती द्यायचो, चहा पाजायचो. फोटो, सत्कार मात्र होऊ द्यायचो नाही. परत देणारा तेवढ्यानंही खूश होऊन जायचा. त्यालाही संध्याकाळी आपल्याच गल्लीत, शेजाऱ्यांतच परतायचं असायचं.