दाजींना विचारल्याशिवाय चालू करू नये

काहीही बंद पडलं तर ते लगेच सुरू होऊ नये, असं मनापासून वाटणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच आहे, आणि नेमका तोच आमच्या ताईच्या पदरी पडला. दाजी साखऱ्याला घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतात. कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरांच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, कोसळला की त्या घटकेला मेमरीत जे काही होतं ते सगळं एका फाइलीत उतरवून घ्यायचं आणि त्यावरून कारण शोधायचं, हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. बंद करून चालू केलं की मेमरी पुसली जाते, म्हणून घाईनं रिस्टार्ट मारण्याइतकं मोठं पाप नाही, असं त्यांचं ठाम मत आहे.

हे मत कॉम्प्युटरापुरतं राहिलं असतं तर आमची तक्रार नव्हती. पण विहिरीवरची मोटार बंद पडली तरी दाजी गड्याला स्टार्टरला हात लावू देत नाहीत. आधी आवाज कसा येत होता, पाणी कसं पडत होतं, तू कुठं उभा होतास, याची चौकशी. तोवर हरभरा माना टाकतो. दूध उतू गेलं तर फोटो निघेपर्यंत ओटा पुसायचा नाही. एकदा जवळा बाजारच्या आठवडी बाजारात एक म्हातारबा चक्कर येऊन पडले. लोक कांदा हुंगवायला धावले, आणि दाजी त्यांच्या कानाशी बसून, पडायच्या आधी काय खाल्लं ते विचारू लागले. म्हातारबांनी डोळे न उघडताच भजी म्हणून सांगितलं. दाजी तडक भज्यांच्या गाड्यावर तपासाला गेले आणि बऱ्याच वेळानं तोंड पुसत परत आले. भज्यांत दोष नव्हता म्हणे.

गेल्या थंडीत ताई रागावून आमच्याकडे पुसेगावला निघून आली. कारण सांगेना. आपल्याकडे अशा वेळी जावयानं दुसऱ्या दिवशी यावं, चहा घ्यावा, कुणी काही विचारू नये आणि बायकोला घेऊन जावं, अशी चाल आहे. दाजी आलेच नाहीत. मी फोन केला तर म्हणाले, "आत्ता नेलं तर सगळं पुसून जाईल. काहून गेली ते कधीच कळणार न्हाई. मी गोळा करून राहिलो."

काय गोळा करून राहिले ते बघायला मी साखऱ्याला गेलो. ताई सोडून गेली तसंच घर ठेवलेलं. कपातल्या चहावर साय धरलेली, अर्धवट निवडलेली मेथी वाळलेली, आणि शेगडी हा पुरावा असल्यामुळे दाजी शेजाऱ्यांकडे जेवत होते. मी सवयीनं कप उचलला तर केवढ्यांदा ओरडले. मला हसू आलं आणि रागही आला, कारण तिकडं ताईनं बॅगेतले कपडे कपाटात लावायला घेतले होते, आता इथंच राहते म्हणत होती, आई सारखी दारात जाऊन रस्ता बघत होती, आणि हा माणूस मेथीचे फोटो काढत होता.

आठवडाभरानं दाजी आले. चहा नको म्हणाले. ओसरीवर बसून आतल्या दाराकडं तोंड करून बोलू लागले, "दारामागं पिशवी सापडली. चटणी, गूळ अन् मीठ बांधलेलं. तू हुरडा खायला शेतावर चला म्हणून हाका मारून राहिली व्हतीस, अन् मी स्क्रीनवरून नजर न काढता हं हं करून राहिलो. मग तू वाट बघत मेथी निवडायला बसलीस." मग म्हणाले, "तुझ्यात काई बिघाड न्हाई. बंद मीच पडलो व्हतो."

ताई दारात आली.

"हुरडा सरला असंल आता," ती म्हणाली.

"बांधाकडचा कवळा हाय अजून."

ताईला मागं बसवून दाजी निघाले. त्यांची मोटारसायकल गावाबाहेरच्या वळणावर थांबली तेव्हा ती बंद पडली असं वाटून मी धावत निघालो. जवळ जायच्या आधीच दिसलं, दाजींनी ती स्वतःच बंद केली होती. ताई काहीतरी सांगत होती आणि वाऱ्यात ऐकू येत नव्हतं म्हणून ते मागं वळून ऐकत होते.

मी परत आलो तर आई अजून दारातच उभी. मी लहान असताना तीही एकदा अशीच माहेरी गेली होती, एवढंच मला ठाऊक आहे. तेव्हा काय झालं होतं, असं मी सहज विचारलं.

"तुझे वडील दुसऱ्याच दिवशी न्यायला आले व्हते की," आई म्हणाली. मग रस्त्याकडं बघत राहिली. "काहून गेली व्हती ते कुणी विचारलं न्हाई बाबा. आता मलाबी आठवत न्हाई."