नबीच्या ताटातला घास

त्या हिवाळ्यात मी एलियाहू हन्नाबीशी बोलत नव्हते. आम्ही बेने इस्राएल लोक अडीअडचणीला ज्याला हाक मारतो, ज्याच्या नावानं मलिद्याचा नवस बोलतो, त्या नबीशी माझं चक्क भांडण होतं. माझी धाकटी बहीण तिकडे अलिबागजवळ तापानं अंथरुणाला खिळली, तेव्हा मी इकडे सोलापुरात नवस बोलले होते. ती उठली नाही. ऐन खिरीच्या सणाला गेली. त्या सणाला आमच्यात नव्या तांदळाची खीर नारळाच्या दुधात शिजवतात. ताटात मटण असतं आणि मटणाबरोबर गाईम्हशीचं दूध आम्हांला चालत नाही, म्हणून नारळाचं. बहिणीचा या खिरीत हातखंडा होता. तिला माती दिली त्या दिवशीच मी नबीला मनात म्हटलं, आता तुझ्यापाशी मागणं नाही की नवस नाही.

तिची मुलगी रिबका तेव्हा सहा वर्षांची. बाप आधीच वारलेला, म्हणून आम्ही तिला सोलापूरला आणलं. पोर आली ती मुकी होऊनच. कोपऱ्यात बसायची, उजवा हात परकराच्या घोळात खुपसून. जेवायला बसवलं तर तो हात काही बाहेर निघत नसे आणि मी भरवायला गेले की दातखीळ बसल्यासारखे ओठ मिटून घ्यायची. मी हट्टाला पेटले. आमच्याकडचा पदार्थ एकटा येत नाही, त्याच्यामागून त्याची गोष्ट येते. मी वालाचं बिरडं केलं आणि सांगितलं, आपलं देवाचं मोठं मंदिर पडलं त्या दिवसाच्या दुःखात आपण हे कडू वाल खातो. गव्हाचा चीक काढून हलवा केला, त्याचीही गोष्ट सांगितली. गोष्टी ती कान देऊन ऐकायची. घास मात्र तसाच राहायचा. दिवसभरात जबरदस्तीनं पाजलेली चार चमचे पेज, तीही निम्मी अंगावर. डॉक्टर म्हणाले, "पोटात काही दोष नाही. पण असंच चाललं तर मुलगी हाती लागायची नाही."

तेव्हा आमच्या ह्यांनी मलिद्याचा विषय काढला. मी फणकारले. रेल्वेत इंजिनांपुढे घसा ताणणारा हा माणूस माझ्याशी मात्र हळूच बोलतो. म्हणाले, "तू मागू नकोस. मी मागतो. तू नुसता करून दे."

मी केला, पण भांडी आपटत केला. पोहे भिजवले, गूळ किसला, नारळ खवला, वेलची कुटली. वर पाच फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या. आई सांगायची, आपले पूर्वज गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय काही उरलं नव्हतं. नबी त्यांचा आधीपासूनचा, पोहे आणि नारळ त्या मातीनं दिले, आणि दोन्हींचा मिळून मलिदा झाला. या ताटाचा एक कडक नियम आहे. प्रार्थना होईपर्यंत त्याला कुणी बोट लावायचं नाही. आणि दुसराही एक आहे, की मलिद्याच्या दिवशी दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही, कारण नबी कोणत्या रूपात फिरतो हे कुणाला ठाऊक नसतं. हे दोन नियम एकमेकांच्या आड येतील असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

पांढऱ्या कापडावर ताट मांडलं. पुरुषमंडळी बाहेर ओट्यावर जमत होती. रिबका आपल्या कोपऱ्यात होती. तेवढ्यात मागच्या दारी एक बाई आली. तेलुगू विणकरांच्या वस्तीतली असावी. डोक्यावर रंगवलेल्या सुताचं ओझं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत निळे.

"बाई, पाणी द्या की. लई कोरड पडलीया."

मी तिला उंबऱ्याच्या आत बसवलं. ताटाकडे बघून ती म्हणाली, "वास झकास सुटलाय की. पोटात कालपासनं काय न्हाय."

"प्रार्थना झाली की देते हं," असं म्हणून मी पाणी आणायला स्वयंपाकघरात वळले. मागून तिचं बोलणं कानावर आलं. "अन् ह्या हातानं खाऊ तरी कशी? रंग पोटात जातोय. तू भरव की गं बाळे."

तांब्या घेऊन मी बाहेर आले. रिबकाचा उजवा हात नबीच्या ताटात होता. माझ्या डोळ्यांदेखत तिनं मूठभर मलिदा उचलला आणि त्या बाईच्या तोंडात घातला.

"रिबका! अगं, काय केलंस हे!" मी किंचाळले. तांब्या हातातून पडला. ओट्यावरची मंडळी दाराशी धावली. हे आत आले. पोरीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती डोळ्यांची पापणी न लववता त्या बाईच्या तोंडाकडे बघत होती.

बाईनं घास चावला, गिळला. "आनी दे की."

रिबकानं दुसरा दिला. तिसरा दिला. मग तिनं विचारलं, "तुम्ही मरणार नाही ना?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला, आणि तो हा प्रश्न! बाई हसली. "मरतीय कशाला? पोट भरतंय की माजं."

मग रिबका माझ्याकडे वळली. "मावशी, मी आईला खीर भरवली. तिनंच मागितली होती. मग ती मेली. सगळ्याजणी म्हणत होत्या, हिला कुणी भरवलं."

मी तिच्याशेजारी बसले. आम्ही सगळे समजत होतो की पोर आईसाठी झुरते आहे. ती आपल्या हाताला भीत होती! तो कुणाला लागू नये म्हणून लपवत होती, आणि आईला मारलं म्हणून स्वतःला उपाशी ठेवत होती. त्या बाईचाही हात घासाला चालत नव्हता, म्हणूनच तिच्यासाठी तो बाहेर निघाला असावा. मी तिला साऱ्या पदार्थांच्या गोष्टी सांगितल्या. तिच्यापाशीही एका पदार्थाची गोष्ट होती, ती मात्र मी विचारली नव्हती. मी तिला कवटाळून, ताप किती चढला होता आणि आईला खीर किती गोड लागली असेल, ते पुन्हापुन्हा सांगत राहिले.

त्या गडबडीत बाई ओझं उचलून निघून गेली. ती कोण होती असं मला आजवर अनेकांनी विचारलं. निळे हात असलेली एक भुकेली बाई होती, याहून जास्त मला माहीत नाही.

उष्टावलेल्या ताटाचं काय करायचं, असं कुणीतरी कुजबुजलं. ह्यांनी ताट जरासं पुढे सरकवलं आणि प्रार्थना सुरू केली. मागायची वेळ आली तेव्हा त्यांनी नुसता रिबकाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मागणं राहूनच गेलं. त्या दिवसापासून मी नबीशी पुन्हा बोलते. मी हट्टानं जे करत होते त्यातलं काहीच उपयोगी पडलं नाही, आणि जे मी मागितलंच नव्हतं ते मागच्या दारानं आलं. याचे आभार कसे मानायचे ते मला अजून नीटसं कळलेलं नाही.

प्रार्थनेनंतर रिबकाच्या हातात तिचा वाटा दिला. तिनं पहिला घास माझ्यापुढे धरला. इतके दिवस मी तिचं तोंड उघडायला धडपडत होते. आता मी माझं उघडलं. ती तशीच एकटक माझ्याकडे बघत राहिली. मी गिळेपर्यंत थांबली, आणि मी जिवंत आहे अशी खात्री पटल्यावर तिनं स्वतःच्या तोंडात घास घातला.