माशांना न्हाऊ घालणाऱ्या कुमुदताई

कुमुदताईंची आणि माझी पहिली भेट धारच्या प्रयोगशाळेच्या ओसरीत झाली. मी नुकताच मदतनीस म्हणून रुजू झालो होतो. ताईंच्या पुढ्यात परातीत मेलेला रोहू होता, अंगभर लाल चट्टे. वासाने मी रुमाल काढला. "आपण मासे खात नाही वाटतं?" ताईंनी विचारले. मी जरा ताठ्यानेच 'नाही' म्हणालो. "मीही नाही. पण ज्यांची चूल यावर पेटते त्यांच्यासमोर नाक मुरडायचं नाही, बरं का भिया." भिया म्हणजे माळव्यातला भाऊ. मी रुमाल खिशात ठेवला.

तळ्यात पाळलेल्या माशांच्या या रोगावर लस शोधण्याचा ताईंनी ध्यास घेतला, तेव्हा देवासच्या आमच्या मराठी मंडळीत त्यांची थट्टा होई. "टोचायला माशाचा दंड कुठे शोधणार?" असे विचारीत. ताई शांतपणे सांगत, रोगाचे मेलेले जंतू पाण्यात मिसळायचे आणि पिल्ले त्यात बुडवून काढायची.

खातेगांवजवळचे एक तळे नेमावरच्या मच्छीमारांनी ठेक्याने घेतले होते. एक हंगाम रोगाने बुडाला होता. दुसराही गेला तर बिऱ्हाड गुंडाळून गिरणीत मजुरीला जाणे एवढेच त्यांच्या हाती होते. धुलजी त्यांचे मुखिया. ताईंनी घरच्या मराठीचेच हिंदी केले, "हम मछलियों की देवी निकालने आए हैं." आपल्याकडे देवी काढणे म्हणजे लस टोचणे. तिकडे देवी निकलना म्हणजे प्रत्यक्ष तो रोगच! धुलजींच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. ते ताडकन उठले. "म्हारी छोरी के माता लई गी. अब मच्छी में भी निकालोगा?" त्यांची मुलगी देवीनेच गेली होती.

आमचा ड्रायव्हर फिसकन हसला. ताई हसल्या नाहीत. चिखलातच बसल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "भूल मेरी है, दादा. मैं बीमारी निकालने नहीं, रोकने आई हूं." मग घमेल्यात साधे पाणी घेऊन त्यांनी पिल्ले बुडवून दाखवली. धुलजी वाकून घमेल्यात पाहू लागले. "तो यूं को नी, बेन, के मच्छी के न्हवाड़नो है!" तेव्हापासून प्रयोगशाळेतही 'लस देणे' मागे पडले आणि 'न्हाऊ घालणे' रूढ झाले.

पहिली लस फसली. मासे मेले. ताई स्वतः तळ्यावर गेल्या आणि म्हणाल्या, "लस कच्ची थी. आपके पानी का दोष नहीं." आपली चूक दुसऱ्याच्या दारात जाऊन सांगणारी विद्वान माणसे मी फार पाहिलेली नाहीत. धुलजींनी पुढच्या हंगामाची सगळी पिल्ले ताईंच्या स्वाधीन केली. "झूठ बोलता तो नी देतो," एवढेच ते म्हणाले. त्या वर्षी शेजारच्या तळ्यात रोग आला. धुलजींचे तुरळक मासे गेले, बाकी तगले. काठावर उभ्या ताईंचे डोळे वाहत होते. माझेही.

यंदा ताईंची साठी. शांत वगैरे काही करायचे नाही, असे त्यांनी आम्हाला बजावले होते. पण वाढदिवसाच्या सकाळी म्हातारे धुलजी नेमावरहून नर्मदेच्या पाण्याची कळशी घेऊन देवासला ताईंच्या दारात उभे! "बेन, थमने म्हारी मच्छी न्हवाड़ी. आज म्हारो वारो." आज न्हाऊ घालायची पाळी त्यांची होती. एरवी कुणाचे न ऐकणाऱ्या ताईंनी निमूटपणे मस्तक पुढे केले.

ताई, धुलजींच्या कळशीतली ही लस तेवढी कच्ची निघू देऊ नका. निरोगी राहा, आणि आमच्यासाठी खूप खूप जगा.