बाबांच्या गाडीचा उलटा काटा

आमच्या बाबांची मोटार विलायती होती, आणि आईच्या मते तिच्यात घेण्यासारखं तेवढंच होतं. रत्नागिरीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी ती बाबांना जवळजवळ फुकटच दिली होती. शाळामास्तराकडे मोटार, त्यामुळे बाबा हवेतच. तिचा जुना डायनामो गाडी पळत असली तरच बॅटरी भरायचा. चढावर हळू झाली की बॅटरीने मान टाकलीच.

आईच्या माहेरी, पालीला, लग्नाला जाताना ती हातखंब्याच्या नाक्यावर बंद पडली आणि आईने पैठणी नेसून ढकलली. चहाच्या टपरीवर निम्मं वऱ्हाड बसलं होतं. "ढकलायच्या गाडीत मी पुन्हा पाय ठेवणार नाही," आईने तिथेच जाहीर केलं.

आई शब्दाची पक्की. पुढची दोन वर्षं ती पालीला एसटीने जायची आणि बाबा रिकामी गाडी घेऊन एसटीच्या मागोमाग. प्रत्येक थांब्यावर ते हॉर्न द्यायचे. आई शेवटच्या बाकावर बसायची, पण एकदाही मागे वळून बघायची नाही. मला हसू यायचं आणि बाबांची दयाही.

शिमग्याला मुंबईहून येताना मी भंगारबाजारातून एक अल्टरनेटर आणला, अख्खा प्रवास मांडीवर घेऊन. गाडी हळू असतानाही तो बॅटरी भरतो, असं ऐकलं होतं. तो बसवायला बाबांनी बंदरावरचा लाँचचा मिस्त्री बोलावला, कारण गावातले मेकॅनिक आमच्या गाडीला लांबूनच हात जोडायचे.

"मास्तरांनू, जुन्या विलायती गाड्यांसारखी हिची बॅटरी उलटी जोडलेली हाय," मिस्त्री म्हणाला. "तशीच ठेवली तर ह्यो नवा जळंल." त्याने बॅटरीच्या वायरी फिरवल्या, अल्टरनेटर बसवला, आणि लाँच पाण्यात लोटताना घालतात तसं बॉनेटवर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "मास्तरांची गाडी न ढकलता पालीला पोचू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी आणि बाबा ओरडलो.

गाडी एका दमात सुरू झाली. बाबांनी समोरचा बॅटरीचा मीटर पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. बॅटरी भरताना काटा उजवीकडे जायचा, उतरताना डावीकडे. आता तो डावीकडे गेला होता. "मुसळ केरात," ते म्हणाले. त्या संध्याकाळी पालीला आईच्या माहेरी शिमग्याची पालखी यायची होती आणि आई पिशवी घेऊन स्टँडवर निघालीच होती.

ती अंगणात थांबली. "दिवे लावा बघू. आता इंजिन जोरात करा." समोरच्या कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर उजेड लख्ख झाला. "बॅटरी उतरतेय, तर दिवे मंदावत का नाहीत?"

मिस्त्रीने जीभ चावली. बॅटरी फिरवली, पण मीटरच्या वायरी तशाच ठेवल्या होत्या. भरतानाच काटा उलटा जात होता. "आमच्या लाँचीवर काटा कुठला? आमी कानानं चालवतो," म्हणाला आणि पाना घ्यायला वाकला.

"राहू दे ते. पालखी थांबायची नाही," आई म्हणाली, आणि पिशवी मागे टाकून पुढच्या सीटवर बसली. आनंदाने बाबांना गिअरच सापडेना.

हातखंब्याला एसटी माणसं घेत उभी होती. आम्ही तिच्या शेजारून पुढे गेलो. आईने काच खाली केली, मागे वळली आणि एसटीकडे बराच वेळ पाहत राहिली.

"हॉर्न द्या," ती बाबांना म्हणाली.