वच्छीची जागा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा हे मनात आलं की मी घाईघाईनं दुसरंच काही मागायला लागते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही वच्छीला ओळखत नाही. आणि तिच्या आत्यालाही नाही.

वच्छी म्हणजे वत्सला. महाडच्या बाजारपेठेत तिच्या वडिलांची भाताची वखार होती. त्यांना सगळे अण्णा म्हणत. वच्छीची आई ती रांगत होती तेव्हाच गेली. तिला वाढवलं आत्यानं, अण्णांच्या थोरल्या बहिणीनं. आत्याला पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत दिली होती. तिकडेच तिची उमर गेली. विधवा होऊन भावाकडे परत आली ती तिकडची बोली घेऊनच. तिला अक्षरओळख नव्हती. पण वच्छी शाळेतून येईपर्यंत ती ओटीवरून हलायची नाही.

हायस्कुलात आमच्या वर्गात मुली दोनच — ती आणि मी. बाकी सगळे मुलगे. त्या दोघींचं कसं असेल ते तुम्हीच बघा. डबा एक, शाईची दौत एक, आणि मास्तर रागावले तर रडणंही एकत्रच. मॅट्रिकच्या वर्षी वखारीतल्या पोत्यांवर बसून आम्ही ठरवलं की पुण्याला कॉलेजात जायचं, मुलींच्या वसतिगृहात एका खोलीत राहायचं. खिडकीजवळची खाट कुणाची, यावरून आमचं भांडणसुद्धा होऊन गेलं होतं. आणि एक दिवस वच्छी म्हणाली — मी विचारलं नव्हतं हो, तीच आपणहून म्हणाली — "मने, तू नसलीस तर मीपण जायची नाही. शप्पथ."

ही शपथ तिनं घेतली नसती तर? मी हा प्रश्न स्वतःला किती वेळा विचारला आहे. आणि दर वेळी मला कळतं, की मी पळवाट शोधते आहे.

निकाल लागला. दोघी पास. माझ्या बाबांनी हो म्हटलं, अण्णांनी हो म्हटलं, पुण्याला अर्ज गेले, खोली मिळाली. आणि मग माझ्यासाठी नाते गावाहून स्थळ आलं. चांगलं घर, शेतीवाडी, मुलगा मुंबईत नोकरीला. पण मुलाच्या आईला कॉलेजात गेलेली सून नको होती. बाबांनी एका संध्याकाळी, पाट मांडता मांडता, मला सांगितलं — पुण्याचं आता राहू दे. एवढंच. जेवायला बसायच्या आधी माझं सगळं आयुष्य आवरून झालं.

मी धावत वच्छीकडे गेले. ती रडली. मला धरून रडली, खोटं कशाला सांगू? पण दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा तिच्या घरी तयारी चालूच होती. आत्या मेतकुटासाठी डाळी भाजत होती. ओटीवर नवी लोखंडी ट्रंक आली होती, तिला अजून रंगाचा वास येत होता. पावसाळ्यात घाट बंद व्हायच्या आत पुण्याला पोचायचं म्हणून सगळ्यांची धांदल होती. वच्छीनं माझ्या मांडीवर दोन पांढऱ्या चादरी ठेवल्या.

"तुझा टाका बारीक येतो गो. कोपऱ्यात तांबड्या दोऱ्यानं 'व' काढून देशील? तिकडे धुण्यात चादरींची अदलाबदल होते म्हणे."

मी सुई ओवली. काय करणार होते? ती माझ्याशेजारी बसून ट्रंकेत काय काय ठेवायचं ते मोजत होती. फणी, आरसा, आमसुलं, नवं पाचवारी पातळ. बोलता बोलता म्हणाली, "माझ्या खोलीत आता दुसरी कोण येईल गो? स्वभावानं चांगली असली म्हणजे झालं."

माझी खाट. माझी खाट कुणाला मिळणार, याची ती माझ्याकडेच चौकशी करत होती. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मला आज ते स्वच्छ दिसतं. सतरा-अठरा वर्षांची मुलगी, पहिल्यांदा घरातून बाहेर पडायची होती — तिला दुसरं काही सुचत नव्हतं. पण त्या दिवशी माझ्या छातीत जे झालं ते मी विसरू शकत नाही. मला वाटलं, हिनं मला फसवलं. बाबांनी अडवलं ते बाबांचं काम होतं. वच्छीनं शपथ घेतली होती. ती मला वाटेत कुठेतरी टाकून पुढे निघाली होती, आणि वर माझ्याकडूनच चादरींवर नाव घालून घेत होती.

आता सव गावची गोष्ट सांगायला हवी. टाळत होते, पण त्याशिवाय पुढे जाता येत नाही.

त्याआधीच्या थंडीत आत्या आम्हा दोघींना सवला घेऊन गेली होती. होडीनं नदी उतरून पलीकडे गरम पाण्याची कुंडं आहेत. आत्याचे गुडघे दुखायचे, म्हणून ती दर थंडीत तिथं आंघोळीला जायची. वच्छी त्या दिवशी उपाशी होती आणि कढत पाण्यात फार वेळ बसली. बाहेर येऊन पातळ नेसताना ती एकदम आडवी झाली. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले, दातखीळ बसली. मी किंचाळले. आत्या ओल्या अंगानं धावत आली, तिनं वच्छीचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर गार पाणी मारलं. थोड्या वेळानं ती शुद्धीवर आली. आणि पहिलं काय केलं असेल? आम्हा दोघींचे हात धरले आणि म्हणाली, अण्णांना सांगू नका. कुणालाच सांगू नका.

का, ते आम्हा तिघींनाही कळत होतं. फेफरं येणारी मुलगी, असा नुसता शब्द गावात फिरला तरी त्या मुलीचं सगळं संपत असे. आत्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "नाय सांगायची. पोटातच ऱ्हाईल माझ्या." मीही डोक्यावर हात ठेवला. पुन्हा तसं कधीच झालं नाही. त्या दिवशीही ते फेफरं नव्हतंच, उपाशीपोटी गरम पाण्याची भोवळ होती, असं मला आज वाटतं. पण ते आज.

चादरी पुऱ्या करून मी त्या द्यायला गेले. घरात वच्छी नव्हती, मावशीकडे गेली होती. अण्णा ओटीवर एकटेच बसले होते. त्यांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, "मने, तू तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. ही राहील ना गो एकटी तिकडे? माझा जीव थाऱ्यावर नाही."

त्यांना काय हवं होतं ते मला कळलं होतं. बापाला धीर हवा होता. 'राहील हो अण्णा' — एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "अण्णा, सवला तिला फेफरं आलं होतं."

तोंडून निसटलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. निसटलं नव्हतं. त्या चादरींवरचा एकेक टाका घालताना मी हे वाक्य मनात म्हणून पाहिलं होतं. आणि त्याच्या पुढचंही — कारण अण्णांचा चेहरा पांढरा पडलेला दिसत असतानाच मी म्हणाले, "मी सांगितलं असं तिला कळू देऊ नका. ती मला तोडेल." त्यांनी मान हलवली. अण्णा शब्दाचे पक्के. त्यांनी मरेपर्यंत माझं नाव घेतलं नाही.

मी खोटं बोलले नव्हते. यावर मी फार दिवस जगले. खरं तेच तर सांगितलं, तिच्या भल्यासाठीच, परक्या गावात पुन्हा काही झालं असतं तर? किती सोपं असतं हे!

वच्छीचं पुणं त्याच दिवशी संपलं. अण्णांनी तिला वैद्याकडे नेलं, वैद्यानं दुसऱ्या कुणाशी बोलून पाहिलं, आणि जे कुणालाच कळायचं नव्हतं ते बाजारपेठेला कळलं. वच्छीनं विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? अण्णांनी मला दिलेला शब्द पाळला. मग तिनं आपणच हिशेब केला. सवला तिच्याखेरीज दोघीच होत्या. एक मी — माझं स्वतःचं पुणं मोडलेलं असून तिच्या चादरी शिवून देणारी. दुसरी आत्या — पोर लांब जाणार म्हणून महिनाभर पदरानं डोळे पुसणारी.

तिनं आत्याला विचारलं तेव्हा मी तिथंच होते. स्वयंपाकघराच्या दारात. वच्छी ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "मला जवळ ठेवायला तू माझा गळा कापलास."

आत्यानं तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. आत्यानं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

थोड्याच दिवसांत नाते गावचं ते स्थळ फिसकटलं. पत्रिका जमली नाही म्हणाले. बाबा हळहळले, आणि मग त्यांनाच माझी कणव आली. पुण्याची खोली अजून आमच्याच नावावर होती. वच्छीनं अण्णांकरवी बाबांना सांगितलं, माझी जागा वाया कशाला घालवता, मनू तरी जाऊ दे. ऐकताय ना? मी थोडे दिवस तोंड मिटून बसले असते, तर आम्ही दोघीही गेलो असतो.

वच्छीनं स्वतःच्या हातानं माझी वळकटी बांधली. तिच्या चादरी मला दिल्या. मोटार वरंधा घाट चढत होती आणि मी तिची ट्रंक पायाशी घेऊन बसले होते. मला तेव्हा काय वाटत होतं, विचारा. आनंद होत होता. भीती होती, लाज होती, पण खाली, अगदी तळाशी, आनंद होत होता.

वसतिगृहात पहिल्या दिवशी नव्या मुलींना एका दालनात बसवलं. तिथल्या मुख्य बाईंनी घंटेच्या वेळा सांगितल्या, पंगतीचे नियम सांगितले, भेटायला कोण येऊ शकतं ते सांगितलं. मग एकेकीनं उभं राहून आपलं गाव सांगायचं होतं. माझा कोकणी हेल ऐकून जुन्या मुली गालात हसल्या. खोलीत आल्यावर एकीनं चादरीवरचा 'व' पाहिला आणि विचारलं, तुझं नाव तर मनोरमा ना? मी सांगितलं, माझी जिवाची मैत्रीण यायची होती, ती आजारी पडली, तिनं आठवण म्हणून दिल्या. सांगताना मला खरंच रडू आलं. सगळ्याजणी माझ्याभोवती गोळा झाल्या, एकीनं खाऊ पुढे केला. नव्या मुलींमध्ये मी सगळ्यात आधी लाडकी झाले ती अशी. आणि खिडकीजवळची खाट मीच घेतली.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा वच्छीचं लग्न ठरलं होतं. पोलादपूरचा बिजवर, पदरात एक मूल. दुसरं कोण करणार होतं तिला? ती आत्याशी एक शब्द बोलत नव्हती. आत्यानं वाढलेलं ताट बाजूला सारून स्वतः वाढून घ्यायची.

मी विहिरीवर आत्याला एकटी गाठली. काय बोलणार होते कोण जाणे. तीच बोलली.

"मला ठावं हाय गो. तू सांगितलंस."

मी कळशी काठावर ठेवली.

"तिला नाय सांगायची मी. मी म्हातारी, आज हाय उद्या नाय. तिच्याजवळ आता तूच एक हायस. तू पण गेलीस तर तिला कोण ऱ्हाईल?"

मी तिच्या पाया पडायला हवं होतं. घरात जाऊन वच्छीसमोर उभं राहायला हवं होतं. मी कळशी भरली आणि घरी आले. सुटी संपल्यावर परत पुण्याला गेले.

माझं शिक्षण पूर्ण झालं. मी महाडला मुलींना शिकवू लागले, माझंही लग्न झालं. आणि एका उन्हाळ्यात आत्या अंथरुणाला खिळली. अन्न सुटलं. तोंडात एकच — वच्छीला बोलवा. अण्णा तोवर गेले होते. निरोप घेऊन पोलादपूरला मी गेले.

वच्छी परसात फणसाचे गरे काढत होती. हाताला तेल चोपडलेलं. मला बघून तिला कोण आनंद झाला! बसायला पाट दिला, गूळपाणी दिलं, सावत्र मुलाकडून पानावर गरे आणवले. मी निरोप सांगितला.

तिनं हात पुसले. म्हणाली, "मने, दुसरं काही पण सांग. परक्यानं केलं असतं तर मी विसरले असते. तिनं मला वाढवली होती. ज्याच्यावर डोळे मिटून विसंबावं त्यानंच असं केलं, तर मग तोंड बघायला कशाला जायचं?"

बैलगाडी दारात उभी होती. बैल सोडलेसुद्धा नव्हते. मी एक वाक्य बोलले असते तर ती आहे तशी, तेलकट हातांनी, गाडीत बसली असती. दिवस उतरायच्या आत आम्ही महाडला पोचलो असतो. ते वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. समोर ती होती. तिच्या घरात माझ्याइतका मान कुणाला नव्हता, तिच्या डोळ्यांत माझ्याइतकं चांगलं कुणी नव्हतं.

मी म्हणाले, "बरं. तुझ्या मनाला येईल तसं कर."

परत आले तेव्हा आत्याचे डोळे दाराकडेच होते. तिनं माझ्या मागे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एकटीच आलीस?"

मी म्हणाले, "येते आहे आत्या. मागून येते आहे."

आत्यानं डोळे मिटले नाहीत. ती दाराकडे बघतच राहिली — ती रात्र आणि दुसरा अर्धा दिवस. मी उशाशी बसून होते, आणि मला ठाऊक होतं की दारातून कुणी येणार नाही.