काचेवरचा खरवडलेला शब्द

पुण्यातल्या आमच्या नेहमीच्या हॉटेलच्या काचेवरचा ‘हलाल’ शब्द कुणीतरी खरवडलाय, गोंदाचे डाग तेवढे उरलेत. गल्ल्यावर विचारलं, तर मालक हळूच म्हणाले, “मावशी, मटण तेच, खाटीकही तोच. फक्त मोठ्यानं विचारू नका.” आता बघा, या शहरात जपानी मिळतं, इटालियन मिळतं, आणि आमच्या घासाचं नाव मात्र कुजबुजायचं. आमचे हे आजारातून नुकते उठलेले, पायाच्या रश्शासाठी हट्टानं आलेले. त्यांनी मेनूकार्ड मिटलं आणि म्हणाले, “मासे सांग.” आम्ही कोकणी मुसलमान, परक्या गावात शंका आली की मासेच मागवतो, त्याला हलालची चौकशी लागत नाही. या हॉटेलात इतक्या वर्षांत यांनी मासे कधीच मागवले नव्हते.